परिक्रमेत मैय्यावर काय सोडायचं आणि पाठीवर काय घ्यायचं?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. वय ५६, जूनमध्ये नोकरीतून निवृत्त. या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून पायी नर्मदामैय्याची परिक्रमा, म्हणजे अख्ख्या नदीला प्रदक्षिणा, उचलायची आहे. रोजचं चालणं पाच किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. इन्सुलिन नाही.

श्रद्धेबद्दल शंका नाही. अडचण अशी की आजवरचं सगळं आयुष्य वेळापत्रकात गेलंय, आणि इथे तर रात्री कुठे झोपणार हे सकाळी ठाऊक नसतं. जाऊन आलेले सांगतात, "सगळं मैय्यावर सोडा, पैसे-फोन काही घेऊ नका, घेतलंत म्हणजे विश्वास नाही." घरचे नेमकं उलट बोलतात. म्हणून नेमके प्रश्न विचारते:

पैसे, फोन, औषधं जवळ ठेवली तर नियम मोडतो का? वाटेतलं शूलपाणीचं जंगल ("झाडी") आणि तट बदलताना समुद्रातली नाव, यांत खरा धोका कशाचा? आणि या साखरेसह रोज २०-२५ किलोमीटर चालणं शहाणपणाचं आहे का?

"मैय्या बघून घेते" एवढंच उत्तर कृपया नको. ते मीही मानते.

---

तटवासी

ताई, शेवटची ओळ वाचून बरं वाटलं. नियमांपासून सुरू करतो, कारण काय सोडायचं आणि काय नाही ते नियमांनीच बऱ्यापैकी ठरवून दिलंय. लोक ते नीट वाचत नाहीत, ऐकीव चालवतात.

परंपरेचा नियम "काहीही घेऊ नका" असा नाहीच. तो आहे "फार सामान घेऊ नका, हलकी भांडी घ्या, शिधा एक-दोन वेळेपुरताच जवळ ठेवा". म्हणजे एका वेळची सोय तुमची, त्यापुढची मैय्याची. साठा करायचा नाही, ही त्यातली खरी अट. पिशवीत आठवड्याचा चिवडा-लाडू भरून निघणारे इथेच घसरतात. वजन वाढतं, आणि शिवाय गावातल्या माणसाच्या दारात उभं राहायची वेळच येत नाही. अनोळखी दारात उभं राहायची जी भीती असते ती मोडायची राहूनच जाते.

बाकीचे नियम थोडक्यात. नदी कायम उजव्या हाताला. नर्मदा कुठेही ओलांडायची नाही, पुलावरून नाही आणि धरणावरूनही नाही. पात्रातल्या बेटांवर जायचं नाही. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे, त्यामुळे दक्षिण तटावर गोमुख घाटावर संकल्प सोडून निघालात की ज्योतिर्लिंगाचं दर्शन परिक्रमा पूर्ण झाल्यावरच. उपनद्या ओलांडता येतात, पण एकदाच. चातुर्मासात चालायचं नाही. केस कापायचे नाहीत, पात्रात साबण-तेल नाही. दक्षिण तटावर नदीपासून पाच मैलांपेक्षा लांब जाऊ नये असंही सांगितलंय, पण हा नियम धरणांच्या आधीचा. आज बरगी, इंदिरा सागर आणि सरदार सरोवर यांच्या फुगवट्याने जुन्या पायवाटा गिळल्या आहेत. तिथे तो पाळायचा म्हटलं तर पाण्यातूनच चालावं लागेल.

पैसे, फोन, औषधांबद्दल: संकल्पात जे बोलाल त्याला तुम्ही बांधील. म्हणून संकल्प झेपेल तेवढाच सोडा. "पादत्राणं घालून, औषधं घेत, जमेल तशी" असा संकल्प करणारे पुष्कळ आहेत आणि गुरुजी तो खुशाल सांगतात. ऐन वेळी शेजारचा अनवाणी आणि निष्कांचन निघाला म्हणून आपणही तेच बोलून टाकायचं आणि आठव्या दिवशी चप्पल विकत घ्यायची, असं करू नका. घाटावर हे नेहमी दिसतं.

निघण्याआधी पूजा, हलव्याची कढाई, कुमारिकापूजन. मैय्याचं जल बरोबर घ्यायची कुपी काचेची नको, फिरकीच्या झाकणाची धातूची किंवा जाड प्लास्टिकची घ्या आणि तिला वेगळी झोळी करा. तिथल्या नगर परिषदेकडून परिक्रमावासी असल्याचं पत्र मिळतं, त्यावर पुढे आश्रम आणि ग्रामपंचायतींचे शिक्के पडत जातात. आधारची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो घेऊन जा. अनोळखी गावात रात्री आठ वाजता "कोण तुम्ही?" या प्रश्नाला हा कागद फार उपयोगी पडतो.

मुक्कामाची भाषाही आधी ऐकून ठेवा. "किती मूर्ती?" म्हणजे तुम्ही किती जण. "आसन लावा" म्हणजे इथे राहा. सकाळचं खाणं बालभोग. "सदाव्रत" म्हणाले तर शिजवलेलं अन्न नाही, कोरडा शिधा मिळणार: कणिक, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची. तो घेऊन तीन दगडांच्या चुलीवर तुम्हालाच शिजवायचंय. गॅसवर चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्यांचीही ओल्या लाकडापुढे फजिती होते. निघण्याआधी चार वेळा उघड्यावर चूल पेटवून टिक्कड (जाड रोटी) भाजायची सवय करा. जाड थापायचं, तव्यावर दोन्ही बाजू धरल्या की निखाऱ्याच्या कडेला उभं करून फुलू द्यायचं. पातळ पोळीच्या नादी लागलात की करपलीच.

मागायचं नाही, दिलेलं नाकारायचं नाही. चालायच्या सवयीला महिना लागेल, या सवयीला त्याहून जास्त.

---

नाडीपरीक्षा

मी फक्त साखर आणि पायांबद्दल लिहितो.

चैत्रपालवी, तुमच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेते. ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, मग तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. सकाळी गोळी घेतली, पाच तास चाललात आणि पुढच्या गावात भोजन-प्रसादी दुपारी दोनला निघाली, तर बारा वाजताच हात थरथरू लागतील. घाम, अचानक कडकडीत भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. लोक याला "ऊन लागलं" समजून पाणी पीत बसतात.

निघण्याआधी किमान सहा आठवडे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा: रोज पाच-सहा तास चालणार, जेवणाची वेळ माझ्या हातात नाही. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा, बंद करायचा की दुसरी गोळी द्यायची, हे त्यांनी ठरवायचं. मग तो बदललेला डोस सरावाच्या चालण्यात तपासा, वाटेत नाही. जवळ साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या, आणि कमरेच्या पिशवीत ग्लुकोज हवं, पाठीवरच्या पिशवीत तळाशी नको. साखर ७० च्या खाली दिसली किंवा लक्षणं जाणवली की तीन चमचे साखर किंवा तेवढं ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा मोजायचं. वर आली की काहीतरी खायचं, मगच उठायचं.

उलट बाजूही आहे. दर वस्तीवर चाय-प्रसादी, आणि ती पाकासारखी गोड. दिवसाला आठ-दहा कप सहज होतात. "दिलेलं नाकारू नये" हा नियम आहे खरा, पण "माताजी, मला शक्कर की बीमारी आहे, दोन घोट द्या" म्हटलं तर कुणी रागावत नाही. तिकडे घराघरात हा आजार माहीत आहे.

पाय. नऊ वर्षांचा मधुमेह म्हणजे तळव्यांची संवेदना तपासून घेणं आलंच. बारीक तार टेकवून करतात ती तपासणी, पाच मिनिटांची. संवेदना कमी असेल तर अनवाणी चालण्याचा विषय बंद. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. दोन महिने आधी घ्या. मोज्यांचे तीन जोड: एक पायात, एक पिशवीवर वाळत, एक रात्रीसाठी कोरडा. चालताना बोट कुठे गरम लागलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची, मुक्कामी पोचल्यावर नाही. रोज संध्याकाळी आरशात तळवे बघायचे.

फोडातून सुईने दोरा ओवून तो आतच ठेवण्याची पद्धत परिक्रमेत सर्रास दिसते. पाणी निचरतं हे खरं, पण दोऱ्यावरून घाणही आत जाते. निरोगी माणसाने फार तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं आणि वरची कातडी तशीच राहू द्यावी. मधुमेह्याने फोड स्वतः फोडूच नये. झाकायचा, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवायचा. दोन दिवस मुक्काम वाढला तर वाढू दे.

---

उंबरठा

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१, पण फोनबद्दल थोडं वेगळं मत. फोन न्यावा, फक्त खिशात नाही. पिशवीत बंद. रात्री दहा मिनिटं. ज्यांचा नकाशा सारखा उघडा असतो ते वाट विचारत नाहीत, आणि नकाशाला फुगवट्याचं पाणी, शेताचं कुंपण, गाळ यातलं काही कळत नाही. "जवळचा रस्ता" म्हणून तो बिनधास्त पुलावरून पलीकडे नेतो. तेवढ्यात परिक्रमा खंडित.

---

सातपुडी

शूलपाणी आणि समुद्रावर लिहितो, कारण या दोन्हींबद्दल पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी अजून फिरताहेत.

पूर्वी झाडीत परिक्रमावासींना लुटत. लुटणारे भिल्ल "मामा", आणि मैय्याच त्यांच्याकरवी आसक्ती काढून घेते अशी समजूत. आज त्या भागात परिक्रमावासींना पाणी, जेवण आणि आसरा देणारी हीच भिल्ल-पावरा वस्ती आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली त्यांच्या अंगणात तुमचं आसन लागतं. तिथे वागताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटत फिरू नका, त्याने वाटेवर हात पसरायची सवय लागते. द्यायचंच असेल तर शाळेत वह्या द्या.

आता धोका माणसांचा नाही, भूगोलाचा आहे. बडवानीजवळच्या राजघाटापासून गुजरातेत गोऱ्यापर्यंतचा हा टप्पा साधारण दहा दिवसांचा. जुनं शूलपाणेश्वर पाण्यात गेलं, नवं मंदिर गोऱ्याला आहे. सरदार सरोवर धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की काठची वाट उरत नाही, मग डोंगर चढून-उतरून जावं लागतं. यातला काही भाग महाराष्ट्रात, नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात येतो. नर्मदा आपल्या हद्दीला लागून वाहते ती अवघी ५४ किलोमीटर, पण सगळ्या परिक्रमेतला सर्वांत दमवणारा तुकडा तिथेच.

चढापेक्षा उतार गुडघ्याला वाईट. सुट्या मुरमावर पाऊल आखूड टाका, काठी पुढे टेकवून मग वजन द्या. पाणी दोन लिटर जवळ असू द्या. नाल्याचं पाणी उकळून किंवा क्लोरिनचे थेंब टाकून अर्धा तास थांबून प्या. सकाळी सहाला निघा आणि दुपारी चारनंतर नवा डोंगर चढायला घेऊ नका. डिसेंबरात दरीत अंधार लवकर उतरतो. तीन-चार जणांची सोबत धरा. दर गावात पुढच्या मुक्कामाचं नाव विचारा, आणि अंतर किलोमीटरमध्ये नाही, "चालायला किती वेळ" असं विचारा. त्यातही सांगितलेल्या वेळेची दीडपट धरा, सांगणारा त्या डोंगरात वाढलेला असतो. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नाही. घरी आधीच सांगून ठेवा की तीन-चार दिवस फोन आला नाही तरी शोधाशोध करायची नाही.

झेपणार नाही असं वाटलं तर सडकेची वाट आहे: पानसेमल, खेतिया, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा. नदीपासून लांब पडते, पण पुष्कळ जण तीच घेतात. तुमच्या वयाला आणि साखरेला मी तीच सुचवीन. झाडीतून गेलं तरच खरी परिक्रमा, असं कुठल्याही नियमात नाही.

समुद्र. दक्षिण तट संपतो तिथे, हांसोट तालुक्यात कठपोर-विमलेश्वरला, नावेत बसून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं. हे नदीच्या मुखाबाहेरून, समुद्रातून ("रत्नासागरातून") जाणं असल्यामुळे नदी ओलांडल्याचा दोष नाही. साधारण तीन-चार तास, कधी जास्त. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, म्हणून नाव सुटते ती भरतीवर. मग ती पहाटे तीनची असो की भर दुपारची. पोचल्याबरोबर यादीत नाव घाला. गर्दीत दोन-तीन दिवसही थांबावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं चढत नाही, खोळंबा होतो.

नावेत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घालून बसा, उशाला नको. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास. आदल्या रात्री हलकं जेवण. नावेत स्वच्छतागृह नसतं, बायकांनी याचा विचार आधीच करावा, पण त्यासाठी पाणी तोडू नये. पलीकडे उतरताना चिखल गुडघ्यापर्यंत असू शकतो, बूट गळ्यात. त्या पट्ट्यात जमिनीतलं पाणी मचूळ, तेव्हा गोडं पाणी भरून ठेवा.

एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. धरणांखालच्या घाटांवर पाणी अचानक वाढतं. वीजनिर्मितीसाठी सोडतात. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या स्नानाला जमलेले अनेक भाविक असेच वाहून गेले. भोंगा वाजला किंवा काठचा दगड भिजायला लागला की कपडे-भांडी सोडून वर यायचं. स्नान पायरीवर बसून, तांब्याने. मैय्याचं वाहन मगर आहे आणि ते केवळ मूर्तीत नाही, फुगवट्याच्या कडेने मगरी दिसतात.

---

चैत्रपालवी

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतली. तटवासीदादा, मग साधारण कुठल्या महिन्यात कुठे असेन? आणि मध्येच आजारी पडले आणि मोठं रुग्णालय पलीकडच्या तटावर असेल तर? दुसरं, निघण्याची तयारी झाली की नाही हे ओळखायचं कसं?

---

तटवासी

परंपरेने परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. आज बहुतेक जण पाच-सहा महिन्यांत करतात. नोव्हेंबरात ओंकारेश्वराहून निघालात तर डिसेंबरअखेर समुद्र. मग उत्तर तटाने अमरकंटकला साधारण फेब्रुवारी-मार्च, आणि दक्षिण तटाने परत येईतो एप्रिल. डिंडोरी-अमरकंटकचा गारठा हाडात शिरतो, हलकी झोपपिशवी हवीच. निमाडातला एप्रिल भाजून काढतो, तेव्हा अकराच्या आत चालणं उरका. गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यातच नावडाटोलीवरून समोर महेश्वरचा घाट दिसेल, हाकेच्या अंतरावर. तिथे पोचायला समुद्राला वळसा घालून यावं लागतं.

रुग्णालयासाठी दक्षिण तटावर बडवानी, राजपिपळा, अंकलेश्वर, नर्मदापुरम लक्षात ठेवा. उत्तर तटावर भरुच आणि जबलपूर. जीवावर बेतलं तर तट बघायचा नाही, पुलावरून जायचं. मग परिक्रमा पुन्हा संकल्प सोडून करावी की थांबल्या जागेवरून, यावर संतमंडळींत दोन मतं आहेत, ते बरे झाल्यावर विचारा. टप्प्याटप्प्याने खंड परिक्रमा करणारेही आहेत: जिथे थांबलात तिथूनच पुढच्या वर्षी सुरुवात.

---

उंबरठा

तयारीची एक सोपी परीक्षा. आठ-दहा आठवडे चालणं हळूहळू वाढवा, निम्मं तरी मातीच्या वाटेवर. पिशवीचं वजन तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको, पाणी सोडून. ६० किलो असाल तर ६ किलो. मग सलग तीन दिवस १८-२० किलोमीटर, तीच पिशवी, तेच बूट, तोच बदललेला डोस. चौथ्या सकाळी फोड नसेल, गुडघा जिना उतरताना बोलत नसेल आणि साखरेची वही ठीक असेल तर निघा. नाहीतर या वर्षी गुजरातेत रामपुरा-तिलकवाड्याची उत्तरवाहिनी (नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच तुकड्याची छोटी परिक्रमा) करा, चैत्रात असते, एका दिवसात होते.

पिशवीत: कपड्यांचे दोन जोड, झोपपिशवी, चटई, ताट-वाटी-तांब्या, विजेरी, सुई-दोरा, औषधं एका महिन्याची. पुढची घरच्यांनी दर महिन्याला ठरलेल्या गावी पोस्टाने पाठवायची. एटीएम कार्ड आणि थोडी रोकड, नावेच्या भाड्यासाठी आणि औषधांसाठी. कुणी विचारलं तर सांगायचं, लपवायचं नाही.

---

सातपुडी

ताई निवृत्त आहेत म्हणून आठवलं: निवृत्तिवेतन मिळत असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि तुम्ही तेव्हा नेमक्या वाटेवर असाल. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, फोनवरून चेहरा दाखवूनही होतं. नोव्हेंबर लागला की निघण्याआधीच उरकून टाका. एकादशी महिन्याच्या सुरुवातीलाच येत असेल तर फोन बडवानीपर्यंत चालू ठेवा, तिथवर रेंज मिळते. आणि चष्म्याची दुसरी जोडी घ्या. झाडीत चष्मा फुटला तर पंचाईत.

---

चैत्रपालवी

दाखल्याचं डोक्यातच नव्हतं! उद्यापासून मातीच्या वाटेवर. नर्मदे हर.